हॅलोविनचा पोशाख घरी शिवा, पण नंबरासाठी नको



सप्टेंबर संपत आला की आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या पालकांमध्ये दोन विषय हमखास निघतात. फराळाची ऑर्डर यंदा कुणाकडे द्यायची, आणि मुलांचा हॅलोविनचा 'कॉस्च्युम' कुठून मागवायचा. या वर्षी त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी शाळेत वेशभूषा स्पर्धा घ्यावी, पहिला-दुसरा-तिसरा नंबर काढावा, असा प्रस्ताव आला आहे. माझं मत त्याच्या विरोधात आहे. बैठकीत ते दोन मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मुलांनी पोशाख घालावेत, खुशाल मिरवावं. पण ते पोशाख घरी किंवा शाळेत शिवलेले असावेत, त्यातलं निदान अर्धं काम मुलांच्या हातचं असावं, आणि नंबर अजिबात काढू नयेत. हे सगळं मी चार ते आठ वर्षांच्या मुलांबद्दल म्हणते आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आपण काही सुचवायला गेलो तर ती आपल्याकडे कशी बघतात ते तुम्हाला माहीत आहेच!

आधी एक जुना वाद मिटवून टाकते. "हॅलोविन काय आपला सण आहे का?" असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. नाही, आपला नाही. पण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या पहिलीतल्या मुलाच्या शाळेत ३१ ऑक्टोबरला किंवा त्याच्या आदल्या शुक्रवारी सगळी मुलं पोशाख घालून रांगेनं फिरतात, तेव्हा एकट्या आपल्या मुलानं साध्या शर्टात उभं राहावं, असं म्हणणाऱ्या पालकांनाही मनातून वाटत नसतं. आणि मूळ प्रथा पाहिली तर ती आपल्याला फारशी परकी वाटू नये. हा सण आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागतानाचा एक जुना केल्टिक सण आणि १ नोव्हेंबरचा ख्रिस्ती 'सर्व संतांचा दिवस' यांच्या सांध्यावरची ही रात्र. स्कॉटलंडमध्ये मुलं सोंगं घेऊन दारोदार जात, पण खाऊ मिळण्याआधी त्यांना गाणं, कविता, निदान एखादा विनोद तरी म्हणून दाखवावा लागे. म्हणजे आपला बहुरूपीच की! पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव तरी काय वेगळं करतो? भोंडल्यातही रोज वेगळ्या घरी जायचं, गाणी म्हणायची आणि मग खिरापत ओळखायची. आधी काहीतरी करून दाखवायचं आणि मग खाऊ घ्यायचा, हा भाग अमेरिकेत येता येता गळून गेला. राहिलं ते फक्त पिशवी पुढे करणं. (आमच्या शाळेत मी मुलांना एक मराठी कोडं घातल्याशिवाय चॉकलेट देत नाही. कुणी तक्रार केलेली नाही अजून.)

पोशाखाचंही तसंच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅलोविनचे पोशाख घरोघरी होत. डेनिसन नावाची कागदाचा माल बनवणारी कंपनी होती. तिनं १९०९ साली हॅलोविनसाठी 'बोगी बुक' नावाची पुस्तिका काढली आणि पुढे अनेक वर्षं त्या पुस्तिका निघत राहिल्या. क्रेप कागदाचे पोशाख आणि सजावट घरी कशी करायची, हे त्यात दिलेलं असे. कंपनीला कागद खपवायचा होता हे उघड आहे, पण करणारे हात घरातलेच होते. १९४७ मध्ये अमेरिकेतलं साखरेचं रेशनिंग उठलं आणि दारोदार जाऊन गोळ्या मागणं सगळीकडे पसरलं. त्याच सुमारास खोक्यातले तयार पोशाख जोरात आले. बेन कूपर ही त्यातली गाजलेली कंपनी. प्लास्टिकचा पातळ मुखवटा, मागे इलॅस्टिकची दोरी आणि अंगात घालायला एक झगा. गंमत अशी की त्या झग्यावर छातीशी त्याच पात्राचं चित्र आणि नाव छापलेलं असे! म्हणजे तुम्ही जो झालात त्याचीच जाहिरात अंगावर घेऊन हिंडायचं. आजचे पोशाख दिसायला पुष्कळ सुधारले आहेत, पण मुलाच्या वाट्याला येणारं काम तेच राहिलं आहे. पाकीट फोडायचं आणि अंगात घालायचं. अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२३ च्या हॅलोविनच्या खर्चाचा अंदाज १२ अब्ज डॉलरच्या वर सांगितला होता. एवढ्या पैशात मुलं काय शिकली, असा प्रश्न शिक्षक म्हणून मला पडतो.

आता तुम्ही म्हणाल, पोशाखातून शिकायचं काय असतं? पुष्कळ असतं. आपल्यातले जे बालवाडीला शिकवतात त्यांना माँटेसरीच्या चौकटी माहीत आहेत. एका चौकटीवर बटणं, दुसरीवर हूक, तिसरीवर नाडी. मुलानं कपडे घालायला शिकावं म्हणून माँटेसरीबाईंनी मुद्दाम केलेली साधनं. त्यांच्याही आधी फ्रोबेलच्या बालोद्यानात मुलं पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातून दोरा ओवत असत. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर जी नई तालीम आली, तिचा गाभाच हा होता की हस्तोद्योग हा शिक्षणाचा मार्ग आहे, सजावट नव्हे. कार्यानुभवाच्या तासाला सुई-दोरा हातात घेतलेली आपली पिढी अजून आहे. तेव्हा घरी पोशाख शिवणं ही काही मी काढलेली नवी टूम नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. पाठीवरची झूल, म्हणजे सुपरहिरोचा तो 'केप'. यापेक्षा सोपा पोशाख नाही आणि यापेक्षा चांगला गणिताचा तासही नाही. मुलाचा गळा टेपनं मोजायचा. समजा २७ सेंटिमीटर भरला. सैलपणासाठी थोडं वाढवून ३० धरू. झूल अर्धवर्तुळाची करायची, म्हणजे गळ्याची कड अर्ध्या परिघाएवढी. ३० भागिले ३.१४ केलं की त्रिज्या आली साधारण साडेनऊ सेंटिमीटर. झुलीची लांबी खांद्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत, समजा ५५. दोन्ही मिळून साडेचौसष्ट. दोराच्या एका टोकाला खडू बांधायचा, दुसरं टोक कापडाच्या लांब कडेच्या मध्यावर अंगठ्यानं दाबून धरायचं आणि दोन कमानी काढायच्या, एक साडेनऊची, एक साडेचौसष्टची. कापडाची रुंदी लागते १२९ सेंटिमीटर. फ्लीसचं कापड साधारण दीड मीटर पन्ह्याचं येतं, त्यामुळे पाऊण यार्डात झूल आरामात निघते. फ्लीसची सुतं निघत नाहीत, म्हणून कडा दुमडायची गरज नाही. कापलं की झालं. सहा वर्षांच्या मुलाला भागाकार येत नाही, ठीक आहे, तो आपण करू. पण खडूचा दोर ताणून धरल्यावर जमिनीवर गोल उमटतो, हे त्यानं स्वतः केलेलं असतं. मी कंपास हातात येण्याआधी हे केलेली मुलं शिकवली आहेत. त्यांना त्रिज्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, फक्त शब्द सांगावा लागतो.

गळ्याशी नाडी मात्र बांधायची नाही. तिथे वेल्क्रोचा तुकडा लावायचा, म्हणजे झूल कुठे अडकली तर सुटून येते. मुलांच्या जॅकेटांच्या नाड्या घसरगुंडीत, बसच्या दारात अडकून अपघात झाल्यामुळे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं १९९६ मध्ये त्याबाबत सूचना काढल्या होत्या. पोशाखाला तोच न्याय लावावा.

दुसरं उदाहरण मागच्या वर्षीचं आहे. वर्गातल्या एका मुलाला घुबड व्हायचं होतं. टोपीचा जुना स्वेटशर्ट घेतला, करड्या रंगाचा. बाबांचे तीन जुने चौकड्यांचे शर्ट कापले. मुलानं त्यातून पिसं कापली, एकाही पिसाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. मग ती पिसं बाह्यांवर आणि पाठीवर लावली, कौलं घालतात तशी, खालच्या ओळीपासून सुरुवात करून वरपर्यंत, प्रत्येक पिसाला फक्त वरच्या कडेला धावदोरा. शर्टाच्या कापडाची सुतं निघतात, पण घुबडाच्या बाबतीत ते उलट छानच दिसलं. टोपीवर फेल्टचे दोन मोठे गोल डोळे. खर्च झाला फक्त फेल्टचा. काम तीन संध्याकाळींचं. त्या तीन संध्याकाळींत घुबडाचे डोळे समोर का असतात, ते मान किती वळवतं, उडताना आवाज का होत नाही, असं सगळं त्यानं विचारून घेतलं आणि वाचून घेतलं. विकतच्या पोशाखाबद्दल मूल एकच प्रश्न विचारतं, कधी येणार?

आणि आता आमच्या शाळेचा खरा स्वार्थ सांगते. आमची मुलं मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. परदेशातल्या प्रत्येक मराठी शाळेची ही तक्रार आहे. तक्ता दाखवून "हे काय आहे?" विचारलं की उत्तर येतं, पण भाषा काही हलत नाही. शिवायला बसलं की क्रियापदं लागतात. धर, ओढ, ओव, दुमड, टोच, उसव, गाठ मार, सैल सोड, ताण. हात गुंतलेले असतात, त्यामुळे बोट दाखवून भागत नाही, बोलावंच लागतं. "आई, दोरा निसटला" हे वाक्य आमच्या वर्गात एका मुलीनं आपणहून मराठीत म्हटलं. कारण 'निसटणे'ला तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता, तो तिनं त्याच दिवशी सुई हातात असताना ऐकला होता. शिवणातले शब्द तर एकेक बघा. कापड कापायच्या आधी ते बेततात. तिरकं कापलेलं ते उरेब. मशीनवर मारतात ती टीप, आणि वहीत लिहितात तीही टीप. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला म्हणतात माया. अमेरिकन पॅटर्नमध्ये ही माया सहसा पाच अष्टमांश इंच दिलेली असते. मूल वाढलं की उसवून सैल करता यावं म्हणून ठेवायची ती माया, हे सांगितल्यावर एका आठ वर्षांच्या मुलानं विचारलं, "मग आजी म्हणते माझ्यावर माया आहे, ती हीच का?" मी हो म्हटलं. व्युत्पत्तीवाल्यांनी मला माफ करावं.

आजीचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे दर उन्हाळ्यात आजी-आजोबा येतात, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. थंडी पडायच्या आत परततात. ऑक्टोबरमध्ये त्यातले बरेच जण अजून इथे असतात. गाडी चालवता येत नाही, शेजारी कुणी बोलायला नाही, दिवसभर घर आणि संध्याकाळी नातवंडांचं इंग्रजी. या आज्यांपैकी कितीतरी जणींनी तरुणपणी शिवणक्लास केलेला आहे. घरात उषाचं मशीन होतं, मुलींचे फ्रॉक, परकर, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं घरी शिवलेलं. गेल्या वर्षी आम्ही एका रविवारी नुसतं म्हटलं की कुणाला शिवण येत असेल तर या. सहा आज्या आल्या. त्यातल्या एकींनी कागदाचा कटोरी-गळा न मोजता कापून दाखवला आणि मुलं टाळ्या वाजवायला लागली. त्या आजी कोपऱ्यात जाऊन डोळे पुसत होत्या. मला वाटतं, मुलांना पोशाख मिळाला त्यापेक्षा मोठी गोष्ट त्या दिवशी तिथे झाली. आणि आजीशी इंग्रजीत बोलून चालत नाही, हे मुलांना आपोआप कळलं.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते खरे आहेत.

पहिला, वेळ. दोघंही नोकरी करणारे, घरी यायला सात वाजतात, त्यातच दिवाळीची तयारी. मान्य. आणि हे काम घराघरात आईच्याच गळ्यात पडतं, तेही मान्य. म्हणून मी म्हणते, अख्खा पोशाख शिवायचा आग्रहच नको. अंगात रोजचे कपडे, त्यावर एकच शिवलेली गोष्ट. कान, शेपूट, झूल, टोपी, नाहीतर पंख. मांजर व्हायला काळे कपडे आणि एक शेपूट पुरते. जुन्या पायमोज्यात कापूस भरून शेपूट होते, ती चार वर्षांचं मूल स्वतः भरतं. आणि बाबांनो, तुम्हीही हात लावा. संत नामदेव शिंपी होते, आपल्या गावचे सगळे टेलर पुरुषच होते, मग सुई हातात घेतली की बिघडतं काय? आमच्या शाळेतले इंजिनियर बाबा मापं इतकी काटेकोर घेतात की त्यांना आवरावं लागतं.

दुसरा, पैसा. घरी शिवलं की स्वस्त पडतं, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. नवीन कापड, पॅटर्न, चेन, दोरे सगळं विकत आणलं तर खोक्यातल्या पोशाखापेक्षा महागही पडतं. त्यात कापडाची दुकानं कमी होत चालली आहेत. जो-ॲन ही अमेरिकेतली कापड आणि शिवणसामानाची मोठी साखळी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची सुमारे ८०० दुकानं बंद झाली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतोच. म्हणून कापड घरातलंच हवं. जुने स्वेटशर्ट, फाटकी फ्लीसची चादर, उशीचे अभ्रे, आणि आपल्याकडे तर जुन्या सुती साड्या आणि ओढण्या असतातच. त्या मात्र जपून वापरा, कारण पुढचा मुद्दा.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि इथे घरच्या पोशाखाची बाजू खरोखर लंगडी पडते. अमेरिकेत ज्वलनशील कापडांचा कायदा १९५३ पासून आहे. दुकानात विकला जाणारा पोशाख त्याच्या नियमात बसावा लागतो. तुमच्या घरी शिवलेला कुणी तपासत नाही. विकतचा घेतला म्हणजे निर्धास्त, असंही नाही म्हणा. ब्रिटनमध्ये २०१४ साली टीव्हीवरच्या सूत्रसंचालिका क्लॉडिया विंकलमन यांच्या लहान मुलीच्या विकतच्या पोशाखानं मेणबत्तीमुळे पेट घेतला आणि ती गंभीर भाजली. तेव्हा तिथे हे पोशाख खेळणी म्हणून तपासले जात, कपड्यांचे कडक नियम त्यांना लागू नव्हते. आपल्या घरात तर त्याच दिवसांत पणत्या असतात! २०२४ साली महाराष्ट्रातल्या पंचांगाप्रमाणे नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. दारात पणत्यांची रांग आणि अंगावर पायघोळ पंख, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. जाळीचं कापड, विरळ विणीचा मऊ सुती कपडा, ओढणीसारखं तरंगणारं काहीही झटकन पेटतं. घट्ट विणीचं, जड, अंगाबरोबर बसणारं कापड त्या मानानं बरं. पॉलिस्टर आणि फ्लीस चटकन पेटत नाही, पण वितळून कातडीला चिकटतं, तेव्हा तेही आगीजवळ नकोच. लोंबती बाही नाही, जमिनीवर लोळणारी कड नाही. पोशाख असेपर्यंत दाराशी बॅटरीवरचे दिवे लावा, तेलाची पणती देवघरात उंचावर असू द्या.

दुसरा धोका रस्त्याचा. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या काळातल्या अपघातांच्या नोंदी तपासून झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचं प्रमाण आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त असतं. सात वाजता अंधार, मुलं पळत रस्ता ओलांडणार, अंगावर काळे पोशाख. इथे मात्र घरी शिवण्याचा सरळ फायदा आहे. चमकणारी पट्टी आपल्याला हवी तिथे, पाठीवर आणि बाह्यांवर, शिवून टाकता येते. मुखवटा टाळून टोपीवर डोळे-कान लावता येतात, म्हणजे मुलाला दोन्ही बाजूंचं दिसतं. बहुतेक शाळांमध्ये मुखवटा चालतही नाही. आणि पोशाख एक माप मोठा बेतता येतो. उत्तरेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. १९९१ च्या हॅलोविनला मिनियापोलिसकडे जे हिमवादळ सुरू झालं त्यात तीन-चार दिवसांत २८ इंच बर्फ पडला. परी झालात तरी आत जाड जॅकेट घालावंच लागतं, आणि विकतची परी जॅकेटवर चढत नाही.

सुईबद्दल पालक विचारतात. माझा अनुभव असा. चार वर्षांच्या मुलाला प्लास्टिकची जाड सुई आणि आधी भोकं पाडून दिलेलं फेल्ट. सहाव्या वर्षी बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची धातूची सुई. दोरा हाताच्या लांबीएवढाच, त्याहून लांब घेतला की गुंता ठरलेला. आठव्या वर्षी साधी सुई, आणि मशीनचं चाक हातानं फिरवायला द्यावं, पायाचा वेग नको. सुया मोजून द्याव्यात, मोजून घ्याव्यात. टोचली तर टोचली. रडणं दोन मिनिटांचं असतं.

आणि आता स्पर्धा. नंबर काढायचे ठरवलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, इथेही आणि महाराष्ट्रातही. मूल पोशाख शिवत नाही, आई शिवते. मग रात्री दोनपर्यंत आई शिवते. मग ज्या आईला शिवता येत नाही ती चाळीस डॉलरचा विकत आणते. परीक्षक बिचारे ज्याचा पोशाख नीटनेटका दिसतो त्याला पहिला नंबर देतात, कारण त्यांना दुसरं काही दिसतच नाही. घुबडाची वेडीवाकडी पिसं तिथे हरतात. ज्या मुलानं पिसं कापली त्याला त्या दिवशी एक धडा मिळतो, की स्वतः केलेलं ते कमी दर्जाचं. पुढच्या वर्षी ते कात्री हातात घेत नाही. हे मी अंदाजानं म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात अगदी असंच एक मूल होतं, आणि आता ते "माझं चांगलं येत नाही" म्हणून चित्रसुद्धा काढायला मागत नाही.

प्रस्तावाच्या बाजूनं आमच्या एक सहकारी म्हणतात की नंबर नसेल तर पालक मनावर घेणार नाहीत, कुणी येणारच नाही. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे आणि गर्दीबद्दल कदाचित त्यांचं बरोबरही असेल. वीस मुलं येतील तिथे बारा येतील. मला बारा चालतील. पण आठ जणांना आणण्यासाठी सगळ्या वीस जणांच्या हातातली सुई काढून आईच्या हातात द्यायची, हा सौदा मला महाग वाटतो. उत्तेजनार्थ म्हणून सगळ्यांना प्रशस्तिपत्र द्या, असाही एक तोडगा निघाला. त्यानं कुणी फसत नाही, पाच वर्षांच्या मुलालाही पहिला नंबर कोणता ते कळतं.

त्याऐवजी स्कॉटलंडच्या मुलांकडून घ्यावं असं माझं म्हणणं आहे. पोशाख घालून पुढे यायचं आणि आपण कोण झालो, तो पोशाख कसा केला, हे चार वाक्यांत मराठीत सांगायचं. "मी घुबड आहे. ही बाबांच्या शर्टाची पिसं आहेत. आजीनं गाठ मारली." इतकं पुरे. ज्याचा विकतचा आहे त्यानंही यावं, त्याला कुणी काही म्हणणार नाही, पण त्याला निदान एक गोष्ट स्वतः लावायला आपण तिथेच देऊ. एखादा खिसा, एखादी पट्टी.

महाराष्ट्रातल्या ज्या शिक्षिका हे वाचत असतील त्यांना हॅलोविनचं काही घेणं-देणं नसेल, आणि असावं असंही मला वाटत नाही. तिथल्या काही बालवाड्यांमध्ये भोपळे आणि चेटकिणी आणायला लागले आहेत, त्याची गरज काय ते मला कळलेलं नाही. आषाढीला विठ्ठल-रखुमाई, गोकुळाष्टमीला कृष्ण, ३ जानेवारीला सावित्रीबाई, सोंगांची काय कमी आहे आपल्याकडे? प्रश्न तिथेही तोच आहे. भाड्याच्या दुकानातून आणलेला चकचकीत कृष्ण स्टेजवर उभा राहतो, मुकुट डोळ्यांवर घसरतो, आणि मूल टाळ्यांची वाट बघत बसतं. वारकऱ्याची पताका मुलानं स्वतः कापून तिला धावदोरा घातला तर दिंडी काय कमी रंगेल?

बैठक येत्या रविवारी शाळा सुटल्यावर आहे. स्पर्धा ठेवायची की नाही ते तिथे ठरेल. पण शिवणाचे दोन रविवार, म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा आणि तिसरा, त्याआधीच पक्के झाले आहेत, ते कसंही ठरलं तरी होणार. येताना एक जुना स्वेटशर्ट आणि एखादं कापायला चालेल असं जुनं कापड आणा. फेल्ट, सुया, दोरे, खडू शाळेत आहेत. मशीन दोन मिळाली आहेत, तिसरं कुणाकडे असेल तर कळवा. आज्यांना आणायला-सोडायला ज्यांच्या गाडीत जागा आहे त्यांनीही सांगा. आणि वर्गात तीन मुलं डावखुरी आहेत, त्यांना साध्या कात्रीनं कापड कापत नाही, नुसतं दुमडतं. डाव्या हाताची छोटी कात्री कुणाकडे असेल तर नक्की घेऊन या.